पूल पाडला ते ठीक, पण पायी जाणाऱ्यानं कुठून जायचं?

दमाणीनगरकर: काल इथं एकानं लिहिलं, सोलापुरातला दमाणीनगरचा रेल्वे रुळांवरचा पूल म्हाताराच झाला होता, पाडला ते बरं, चालणाऱ्यांनी थोडे दिवस वळसा घालावा. डोकंच सणकलं. गाडीवाल्याचा वळसा म्हणजे थोडं पेट्रोल. माझ्या आईचे गुडघे गेलेत, भैय्या चौकापर्यंत चालत जायची ती आता घरातच बसून असते. वळवलेल्या रस्त्यावर आधी चालायची पट्टी आखा, बॅरिकेड लावा, मग गाड्या सोडा.

जुळेसोलापूर: ते मीच लिहिलंय. महाडचा सावित्रीवरचा पूल आठवतो का? २ ऑगस्ट २०१६, एसट्या वाहून गेल्या. तसं इथं व्हायची वाट बघायची होती का?

दमाणीनगरकर: पाडू नका असं कुठं म्हटलंय, नीट वाचा की. प्रश्न तुमच्या थोड्या दिवसांचा आहे. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद केला, एक बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ ला, तीही मुंबईत.

साखरपेठवाला: पट्टी आखून काय होणार ओ, आहेत त्या फूटपाथवर हातगाड्या लागल्यात. आधी त्या उचला.

भजीगाडा: आला का गाड्यावर! माझ्या वडिलांनी गाड्यावर भजी तळून मला डिप्लोमा केलं. फूटपाथवर चढवलेली बुलेट, दुकानाच्या पुढं काढलेल्या पायऱ्या, ते कुणाला दिसत नाही का बे?

साखरपेठवाला: बे कुणाला म्हणतो? गाडा चुकवायला माझी पोरगी रस्त्यावर उतरली, मागनं रिक्षाचा आरसा लागला, कपाळाला सहा टाके. गरिबी मला सांगू नको.

भजीगाडा: पोरीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण रिक्षा अंगावर घालणारा सुटला आणि दोषी गाडा?

दमाणीनगरकर: भांडू नका रे. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा नियमच आहे, फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळं पाहिजे. गाडा असो, बुलेट असो, पायरी असो, त्या १.८ मध्ये कुणीच नको. आणि सिग्नलची वेळ धरतात सेकंदाला १.२ मीटर चालीनं, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदात. माझ्या आईला वीस लागतात, ती अर्ध्यात असतानाच हॉर्न सुरू होतात.

जुळेसोलापूर: बरं, चालणाऱ्यांची सोय आधी करायला पाहिजे होती, एवढं मान्य. पण रूळ ओलांडून जाणाऱ्यांची बाजू घेणार नाही, तो गुन्हाच आहे.

दमाणीनगरकर: मीही घेत नाही. शाळा सुटायच्या वेळेला चौकात एक पोलीस उभा करा, एवढ्यापासून तरी सुरू करा.

साखरपेठवाला: आणि हातगाड्या हलवा.

भजीगाडा: बुलेटसकट.