१२९ मतांनी गव्हर्नर: वॉशिंग्टन २००४ ची तिसरी मोजणी योग्य होती का?

सरळरेघ (धागा)

वॉशिंग्टन राज्य, म्हणजे सिअॅटलवालं, राजधानी नव्हे. आणि तिथला गव्हर्नर हा आपल्यासारखा राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल नसतो. लोक थेट निवडून देतात, कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

२ नोव्हेंबर २००४ ला रिपब्लिकन डिनो रॉसी विरुद्ध डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार अशी लढत झाली. पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी पुढे. मशीनने फेरमोजणी केली, रॉसी ४२ ने पुढे, आणि ३० नोव्हेंबरला त्याचं नाव विजेता म्हणून जाहीरही झालं. मग डेमोक्रॅटिक पक्षाने ७,३०,००० डॉलर अनामत भरून हाताने मोजणी मागितली. तीत ग्रेग्वार १२९ ने पुढे, आणि तिथे खेळ संपला.

एकूण मतं सुमारे २८ लाख १० हजार. मोजणी ९९.९९ टक्के अचूक धरली तरी २८१ चुका राहतात. फरक १२९. अशा वेळी तिसरा आकडा पहिल्या दोनांपेक्षा खरा कशावरून? माझं मत: फेरमतदान घ्यायला हवं होतं.

भिंगवाला

खरा यावरून, की हाताने मोजताना मशीनला न दिसणारी मतं दिसतात. तिन्ही मोजण्यांचे आकडे एकाखाली एक लिहा:

रॉसी: १३,७१,४१४ – १३,७२,४८४ – १३,७३,२३२
ग्रेग्वार: १३,७१,१५३ – १३,७२,४४२ – १३,७३,३६१

प्रत्येक फेरीत दोघांचीही मतं वाढली आहेत. ही कुणी आणून टाकलेली मतं नव्हेत. मतपत्रिकेवर अंडाकृती रकाना पूर्ण भरायचा असतो. कुणी त्यावर बरोबरची खूण करतो, कुणी नावाभोवती गोल काढतो, कुणाचं पेन फिकं. स्कॅनर अशी मतपत्रिका त्या पदापुरती कोरी समजतो. काही काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) तेव्हा भोक पाडून मत द्यायची पंचकार्ड होती. त्यात अर्धवट सुटलेला कागदाचा तुकडा एका फेरीत भोक झाकतो आणि पुढच्या फेरीत गळून पडतो, त्यामुळे तेच कार्ड दोनदा वेगळं वाचलं जातं. हाताने मोजताना दोन्ही पक्षांची माणसं टेबलावर असतात, मतपत्रिका उमेदवारवार गठ्ठ्यांत लावतात, आकडा जुळला नाही तर गठ्ठा पुन्हा मोजतात. दोनदा मशीन आणि मग हात, हा क्रम राज्याच्या कायद्यातच होता. अनामतही कायद्यानेच, मतपत्रिकेमागे २५ सेंट, निकाल उलटला तर परत. रॉसी मागे असता तर हीच वाट त्यालाही मोकळी होती.

सरळरेघ

फिकं पेन वगैरे मान्य. पण १२९ चा आकडा आला तो फिक्या पेनाने नाही, किंग काउंटीने. सिअॅटल तिथलंच, सुमारे ९ लाख मतं, त्यातली ५८ टक्के ग्रेग्वारची. हाताने मोजणी चालू असताना डिसेंबरच्या मध्यात ‘आम्ही चुकून बाद केलेली टपाली मतांची ५७३ पाकिटं सापडली’ म्हणाले. मग आणखी सापडली, एकूण ७३५. ती धरण्याआधी ग्रेग्वारची आघाडी होती १०. ही मतं पहिल्या दोन मोजण्यांत नव्हतीच. याला फेरमोजणी कसं म्हणायचं?

काठावर

त्या पाकिटांचं काय झालं होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कुणाच्या माळ्यावरून निघाली.

टपाली मताच्या पाकिटावर मतदार सही करतो. कर्मचारी ती संगणकातल्या नोंदणीच्या सहीशी ताडून बघतो. या मतदारांच्या सह्या संगणकात स्कॅनच झालेल्या नव्हत्या. अशा वेळी कपाटातला मूळ कागदी नोंदणी अर्ज काढून सही बघायची. ते न करता पाकिटं ‘सही जुळत नाही’च्या गठ्ठ्यात गेली. हे उघड कसं झालं, तर काउंटी कौन्सिलचे सदस्य लॅरी फिलिप्स यांचं स्वतःचं मत त्याच यादीत निघालं! कौन्सिल सदस्याऐवजी एखादा साधा मतदार असता तर फाइल उघडली असती का, ही शंका मात्र रास्त आहे.

आणि कोर्टाने डेमोक्रॅट्सना मोकळं रान दिलेलं नव्हतं. राज्यभरातली बाद मतं पुन्हा तपासा, ही त्यांची मागणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबरला फेटाळली. फेरमोजणी म्हणजे आधी मोजलेलंच पुन्हा मोजणं, सरसकट नवी तपासणी नाही. २२ डिसेंबरला सांगितलं ते एवढंच: काउंटीच्या मतमोजणी मंडळाला स्वतःची उघड चूक दिसली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला आहे. ७३५ पैकी सगळी धरलीही नाहीत.

आकडेमोड

२८१ चुकांवर एक टीप. चुका सैरभैर असतील, म्हणजे कधी याच्या बाजूने कधी त्याच्या, तर त्या एकमेकींना खातात. २८१ चुकांचं निव्वळ पारडं साधारण वर्गमुळाइतकं, म्हणजे १७ च्या आसपास झुकतं. तिथे १२९ हा आकडा छोटा नाही.

पण सरळरेघ, तुमच्या हातात यापेक्षा चांगला मुद्दा आहे, तो तुम्ही सोडताय. एकाच काउंटीत झालेली चूक सैरभैर नसते. तिथे १८ टक्क्यांचा फरक आहे, त्यामुळे दर शंभर मतांमागे ग्रेग्वारला १८ चा निव्वळ फायदा. ती मतं बाद केली तर तिचं तेवढं नुकसान, धरली तर तेवढा फायदा. १० ची आघाडी १२९ झाली ती मोजणीच्या अचूकतेमुळे नाही, कुठल्या काउंटीने आपली फाइल पुन्हा उघडली यामुळे. बाकीच्या ३८ काउंट्यांनी बाद पाकिटं तितक्याच चिकाटीने चाळली असती तर? १४ डिसेंबरच्या निकालाने तो रस्ता बंद केला, आणि किंगपुरता २२ ला उघडला.

सरळरेघ

हेच तर म्हणतोय. वर बेकायदा मतं वेगळीच. रॉसीने शेलन काउंटीत, वेनाची गावच्या कोर्टात दावा लावला. न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी १,६७८ मतं बेकायदा ठरवली. बहुतेक गंभीर गुन्ह्यात शिक्षा होऊन मताधिकार परत न मिळालेल्यांची, थोडी मृतांच्या नावावरची. शिवाय किंगमध्ये यादीत नाव न सापडलेल्यांना दिलेल्या तात्पुरत्या मतपत्रिका. त्या पाकिटात घालून आधी पडताळायच्या असतात. शेकडो थेट स्कॅनरमध्ये गेल्या. एकदा गठ्ठ्यात मिसळली की कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. १,६७८ बेकायदा, फरक १२९, तरी निवडणूक वैध!

कलम_शंभर

कारण बेकायदा मत सिद्ध करणं वेगळं आणि ते कुणाला पडलं हे सिद्ध करणं वेगळं. आपल्याकडेही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० खाली नियमभंग दाखवून भागत नाही, निकालावर त्याचा ठोस परिणाम झाला हे दाखवावं लागतं. रॉसीच्या बाजूने तज्ज्ञ आणले. त्यांचं गणित असं, की एखाद्या मतदान केंद्रात ग्रेग्वारला ६० टक्के मतं असतील तर तिथल्या बेकायदा मतांपैकीही ६० टक्के तिची समजून वजा करा. ब्रिजेसनी ते नाकारलं, आणि बरोबर नाकारलं. शिक्षा झालेले बहुतांशी पुरुष. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच मत देतात हे गृहीत कसं धरणार? प्रत्यक्ष साक्षीतून वजा झाली ती पाच: चार रॉसीची, एक तिसऱ्या, लिबर्टेरियन पक्षाच्या उमेदवार रूथ बेनेटचं. ६ जून २००५ ला फरक १२९ चा १३३ झाला! रॉसीने अपील केलं नाही.

आपली तुलना करायची तर २०२४ ची वायव्य मुंबई, फरक ४८. आपल्याकडे फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, कारणांसह. तो मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. नंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. पैसे भरून अख्ख्या राज्याची मोजणी मागायची सोय नाही. कुणाला हे बरं वाटेल, मला नाही.

भिंगवाला

फेरमतदानाबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून. रॉसीने डिसेंबरअखेर पत्र लिहून तेच मागितलं होतं. त्या वेळच्या कायद्यात तशी तरतूदच नव्हती. आणि समजा घेतलंच, तर मतदार कोण? २ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षपदासाठी बुशविरुद्ध केरीही मतपत्रिकेवर होते, त्या ओढीने आलेले लोक मार्चमध्ये एका पदासाठी येतील? बेनेटच्या ६३,४६५ मतांचं काय, तिचं नाव ठेवायचं की दोघांचीच कुस्ती? दोघांत घेतली तर ती वेगळीच निवडणूक.

काठावर

तिसरी वाट होती, मिनेसोटा १९६२ ची. एल्मर अँडरसन आधी १४२ मतांनी पुढे, फेरमोजणीअंती कार्ल रोलव्हाग ९१ ने विजयी. पण तो शपथेला उभा राहिला थेट मार्च १९६३ मध्ये. वाद मिटेपर्यंत अँडरसनच खुर्चीवर. वॉशिंग्टनमध्ये ग्रेग्वारने १२ जानेवारीला शपथ घेतली आणि दाव्याची सुनावणी २३ मे ला उभी राहिली. क्रम उलटा असता तर निम्मी कटुता टळली असती.

सरळरेघ

मिनेसोटात खुर्चीवरचा माणूस स्वतः वादातला पक्षकार होता, काठावर. त्याला सुमारे अडीच महिने जास्त मिळाले ते फुकटच की. वॉशिंग्टनमध्ये मावळते गव्हर्नर गॅरी लॉक उभेच नव्हते, म्हणून तिथे ते जास्त शोभलं असतं, एवढं मान्य. फेरमतदानावर मी अजून ठाम आहे. फक्त बेनेटचं नाव ठेवूनच.