अनुभव धागा : राउटरचा लाल दिवा, चादरीतला रेडिओ आणि घरातलं राजकारण

बाळीवेसचे अप्पा

परवापासून घरातल्या राउटरवर लाल दिवा मिचमिचतोय. गल्लीत ड्रेनेजसाठी खड्डा खणला, त्यात वायर तुटली. कंपनीला फोन लावला की एक बाई सांगते तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग गाणं, मग फोन कट. काल संध्याकाळी मेसेज आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' मी तो मेसेज राउटरसमोर धरला. त्यालाही पटलं नाही, दिवा लालच.

नेट नाही म्हणजे आमच्याकडे आता टीव्हीही नाही. म्हणून माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले. आकाशवाणी सोलापूर लागलं. मधली ती खरखर ऐकली आणि एकदम १९७५ चं घर डोळ्यापुढे आलं.

वडील शाखेत जाणारे. आणीबाणी लागली, जुलैत संघावर बंदी आली तेव्हा मी सातवीत. आईने एका दुपारी त्यांची खाकी हाफपँट उसवली आणि तिची बाजाराची पिशवी शिवून टाकली. ना झडतीची भीती, ना कापड वाया. वर्षभर आमच्याकडे ज्वारी त्या पिशवीतून यायची. रात्री वडील बीबीसी हिंदी लावायचे. शेजारी ऐकू जायला नको म्हणून रेडिओसकट डोक्यावरून चादर, आपलीच सोलापुरी, मोराची. उन्हाळ्यात घामाने निथळत बाहेर यायचे. आई विचारायची, काय म्हणाले? तर म्हणायचे, सकाळी सांगतो. सकाळी पेपर बघायचे, त्यात काय आलं आणि काय गाळलं ते ताडायचे, मगच बोलायचे.

मी त्यांच्याच वळणावर गेलो. सरकारने धंदे करू नयेत, फुकट वाटू नये, ऋण काढून सण करू नये, या मतांचा माणूस. मत कुणाला देतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हल्ली माझ्याच बाजूची चॅनेल मला बघवत नाहीत. समोरच्यांची आधीपासूनच बघवत नव्हती. आठ चौकटींत आठ डोकी, सगळी एकदम बोलतायत. रात्री बायको विचारते, आज काय झालं हो? दिवसभर बघूनही मला सांगता येत नाही.

नेटचं म्हणाल तर खासगी कंपन्या आल्या की सेवा सुधारणार, हे मी पंचवीस वर्षं कट्ट्यावर भांडून सांगत आलोय. सुधारली, नाही म्हणत नाही. पण आता भांडायला समोर माणूसच नाही. पूर्वीचा लाईनमन दोन गल्ल्या सोडून राहायचा, त्याच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं.

मोबाईलच्या डेटावरून लिहितोय, पुरवून पुरवून. तुमचे अनुभव टाका. घरातलं राजकारण, बातम्या, नेट, काहीही. भांडा, पण वैयक्तिक नको.

कडकभाकरी

मोराची चादर हाहाहा. अप्पा ती पिशवी आहे का अजून??

बाळीवेसचे अप्पा

नाही हो. १९७७ च्या मार्चमध्ये निकाल लागले त्या दिवशी वडिलांनी त्याच पिशवीतून पेढे आणले, एवढं आठवतं. पुढे ती बोहारणीकडे गेली असणार.

पूर्वभागातली सून

कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आमच्या सासूबाईंचा जन्म इथलाच, मराठी माझ्यापेक्षा फर्डं. पण बातम्या बघणार तेलुगूच. हैदराबादेत कोण मंत्री कुणावर रुसला हे तोंडपाठ. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं तेव्हा घरी शिरा झाला, शेजारी वाटला. मी सहज विचारलं, अत्ते, आपला सोलापूरचा खासदार कोण? म्हणाल्या शिंदेच की. तोवर सुशीलकुमार शिंदे पडून पंधरा-सतरा दिवस झाले होते, बनसोडे निवडून आले होते. घरात कुणी सांगितलंच नाही त्यांना, आणि चॅनेलवाले कशाला सांगतील.

शिट्टी झाली.

नाना होटगी रोड

सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानांना आडवी येणारी चिमणी पाडली तो दिवस आठवतो का कुणाला? १५ जून २०२३. घरात उभी फूट. मोठा भाऊ ऊस घालणारा, तो चिमणीच्या बाजूने. पोरगा पुण्याला नोकरीला, तो विमानाच्या बाजूने. मी मध्ये. तिघं मोबाईलवर लाइव्ह बघत बसलो तर ऐन वेळेला गोल गोल फिरायला लागलं. तेवढ्यात खिडकीतून धडाम. तावदानं हलली. बाहेर धुरळा दिसतोय आणि मोबाईलवर चिमणी अजून उभी! भाऊ म्हणाला, बघ, तुझ्या नेटवर तरी वाचली.

विमान त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालं, २०२५ च्या जूनमध्ये, गोव्याला. भाऊ अजून बसलेला नाही. पोरगा पण नाही. पुण्याला जायला गोव्याचं विमान काय कामाचं.

लालबावटा ज्युनियर

अप्पा आपलं कधी जमणार नाही, तरी लिहितो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. हजार विड्यांचा हिशोब करत मी पाढे शिकलो. आमच्या घरी संध्याकाळी बातम्या म्हणजे सभा. कन्ना चौकात जे बोललं गेलं तेच खरं.

गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं, २००६ ला मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला. रे नगरची पंधरा हजार, जानेवारी २०२४ ला मोदी आले. मोर्चे मात्र दोन्हीसाठी आमच्या माकपच्या आडम मास्तरांनीच काढले. त्या दिवशी मी टीव्हीपुढे मुद्दाम बसलो होतो. ज्या चॅनेलवर बघत होतो त्यावर पंतप्रधान दिसले, घरं दिसली, आमच्या बाया रांगेत दिसल्या. ऊन किती वर्षं खाल्लं ते नाही दिसलं. आई म्हणाली, जाऊदे बे, चावी खरी हाय का बघ.

बाळीवेसचे अप्पा

@लालबावटा ज्युनियर, मास्तरांना मी आयुष्यात मत दिलं नाही आणि देणार नाही. पण त्या घरांत लोकांनी आपला हिस्सा भरलाय, फुकट घेतलेलं नाही. त्यामुळे रे नगर माझ्या मतात बसतं. तुमच्या मतात बसतं का ते तुम्ही बघा.

लालबावटा ज्युनियर

हे मी मास्तरांना सांगू का?

बाळीवेसचे अप्पा

सांगा. नाव सांगू नका.

स्प्लाइसवाला

मी याच लाईनमधला, कंपनीचं नाव विचारू नका. लाल दिव्याशेजारी एलओएस लिहिलं असेल. म्हणजे तुमच्या डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही. फायबर तुटली की दोन्ही टोकं सोलायची, सरळ कापायची, मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून जोडायची. केसाएवढी काच असते. काम अर्ध्या तासाचं. पण खड्डा उघडा असेल तोवरच. बुजवला की परत खणायचं कुणी यावर दोन दिवस जातात. मशीन एका पोराकडे, एरिया पाच.

आणि तक्रार सोडवली असा मेसेज का येतो सांगू? ठरलेल्या वेळेत बंद दाखवली नाही तर आमचे पैसे कापतात. म्हणून आधी बंद करतात, मग येतात. किंवा नाही येत.

कडकभाकरी

हे वाचून माझं बीपी वाढलं

पुण्यातला सोलापूरकर

अप्पा, मी दूरसंचार क्षेत्रातच आहे म्हणून जरा ज्ञान पाजळतो. आपल्याकडे जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणत होते. मग ते २ एमबीपीएस केलं. म्हणजे एवढी वर्षं बैलगाडीला कायद्याने एक्स्प्रेस म्हणता येत होतं. नियम कुणी केले, तर सरकारी यंत्रणेने. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरावीक साइट स्वस्त, बाकी महाग असल्या दरांना बंदी घातली, तीही सरकारी यंत्रणाच. ती बंदी नसती तर तुमच्या बाजूची चॅनेल फुकट आणि लालबावट्याची पैसे मोजून, असंही कुणी केलं असतं. तेव्हा तुम्ही कट्ट्यावर म्हणाला असता, सरकारने नाक खुपसू नये.

बाळीवेसचे अप्पा

म्हणालो होतो. तुझे वडील साक्षीला होते. माल दुकानदाराचा, दर दुकानदाराचा, असं माझं मत. पण चॅनेलचं तू म्हणतोस तसं तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. रात्री विचार करतो. मत लगेच बदलणार नाही.

शेंगाचटणी बंगळूरहून

विषय सोडून विचारते, सॉरी. कुणी शनिवारी इकडे येणार आहे का? अर्धा किलो शेंगा चटणी हवीये. खलबत्त्यात कुटलेली, मिक्सरची नको. इथे मिळते तिला तेल सुटत नाही.

विजापूर रोडच्या वहिनी

@शेंगाचटणी माझा दीर येतोय हुटगीहून गाडी पकडून, विचारते.

बाकी काय सांगू. २०२४ च्या लोकसभेला आमचा फॅमिली ग्रुप फुटला. सासरे भाजपच्या राम सातपुतेंकडून, मोठ्या जाऊबाई काँग्रेसच्या प्रणितीताई शिंदेंकडून. आधी फॉरवर्ड, मग लाल तोंडाचे चेहरे, मग जुनं जुनं निघालं. निवडणुकीचं राहिलं बाजूला, २००८ च्या बारशात कुणी कुणाला साडी हलकी दिली इथवर गेलं. जाऊबाई ग्रुप सोडून गेल्या. प्रणितीताई जिंकल्या, त्या दिल्लीला गेल्या, जाऊबाई ग्रुपवर आल्या नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत भेटल्या तेव्हा भाग्यश्री भजी एका कागदात खाल्ली आम्ही. ग्रुपवर मात्र अजून नाहीत. सासरे रोज सकाळी सुप्रभात टाकतात, त्यांना वाटतं त्या वाचतात.

नाना होटगी रोड

भाग्यश्री भजी?? ही कुठली ओ

विजापूर रोडच्या वहिनी

भाग्यश्री माझ्या पोरीचं नाव, भजी वेगळी. फोनने स्वल्पविराम खाल्ला. तिघी होतो.

रिचार्ज कॉर्नर

२०१६ सप्टेंबर. माझं छोटं दुकान, एक जीबी महिनाभर अडीचशेला विकत होतो. जिओ आलं, फुकट. आधी डिसेंबरपर्यंत म्हणाले, मग मार्च २०१७ पर्यंत. माझ्याच दुकानासमोरून लोकं आधारची झेरॉक्स घेऊन पळत होती. झेरॉक्स मशीन माझीच होती म्हणून तगलो. अप्पा रोज यायचे आणि म्हणायचे, फुकटचं पचत नाही. डिसेंबरात अप्पांनी पण सिम घेतलं. कुणाला सांगू नका म्हणाले होते, नऊ वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

बाळीवेसचे अप्पा

नातवासाठी घेतलं होतं.

रिचार्ज कॉर्नर

नातू तेव्हा चार महिन्यांचा होता.

लालबावटा ज्युनियर

हाहाहाहा. पेढे पाठवतो अप्पा. पिशवी आमची.

एक वाचक

फक्त वाचायला आले होते. पहिल्या वीस स्मार्ट सिटींत आपलं नाव आलं होतं ना २०१६ ला? आमच्या इथे पाण्याचा आज पाचवा दिवस. नेट येऊलालंय जाऊलालंय, पाणी तेवढंही नाही. मी कुठल्याच बाजूची नाही. ज्याच्या मिरवणुकीच्या दिवशी पाणी सुटेल त्याला मत.

कडकभाकरी

@एक वाचक कुठला भाग? आमच्याकडे सकाळी चारला येऊन गेलं, मोटारी लावून सगळं वरच्यांनी ओढलं

एक वाचक

जुळे सोलापूर. चारला?? गजर लावून झोपते आता.

स्प्लाइसवाला

अप्पा, आमच्या ग्रुपवर विचारलं. तुमची तक्रार सिस्टीमला बंद दिसतेय म्हणून कुणी येणार नाही. नवीन टाका. आणि खड्ड्याचा फोटो काढून ठेवा, बुजवायच्या आत.

बाळीवेसचे अप्पा

टाकली. बाई म्हणाली कॉल महत्त्वाचा आहे. खड्ड्यावर आत्ताच माती टाकून गेले. दोन पोरं बसवलीत राखणीला, एक माझा नातू, एक लालबावट्याचा पुतण्या.

विजापूर रोडच्या वहिनी

@शेंगाचटणी दीर नेतो म्हणाला. तिखट की मध्यम?

शेंगाचटणी बंगळूरहून

तिखट. लसूण जास्त. डबा परत पाठवते.