परिक्रमेत मित्र चार दिवस सोबत चालायला येतो म्हणताय, प्रकाशा ते अक्कलकुवा जमेल का?

पायी_अमळनेर
बठ्ठास्ले राम राम. यंदा कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलायचं पक्कं केलंय, पायीच, घरच्यांची समजूत काढण्यात दोन वर्षं गेली ते सोडा. आता नवीन भानगड अशी की ऑफिसातले तीन जण आणि एक शाळेतला मित्र म्हणताय आम्ही पूर्ण नाही पण चार दिवस तरी येतो. दक्षिण तटावरून बडवानी, खेतिया करत रस्ता आपल्या शहादा-प्रकाशाकडूनच जातो, मग म्हटलं प्रकाशा ते अक्कलकुवा त्यांना सोबत घ्यावं, घरच्याच भागात. पण मी प्रकाशाला कोणत्या तारखेला असेन ते आत्ता कसं सांगू? ते म्हणताय रजा टाकायची तर तारीख पाहिजे. एक जण तर म्हणतो मी डायरेक्ट समुद्र पार करायला कठपोरला येतो (गुजरातेत नर्मदेच्या मुखाशी, तिथून बोटीने उत्तर तटावर जातात), तेवढंच दाखवा. कोणी असं केलंय का? आश्रमात पाच जण एकदम गेलेले चालतात का?

तापीकाठचा
नर्मदे हर. केलंय भो, आणि पहिल्यांदा पार चुकलं म्हणून सांगतो. मी मित्रांना तारीख पण दिली आणि गाव पण दिलं. झालं काय, पाय सुजला म्हणून बडवानीच्या अलीकडे दोन दिवस बसलो, मग ती तारीख गाठायला रोज ३५-३५ किलोमीटर हाणले, शहाद्याला पोचलो तोवर गुडघा कामातून गेला होता. मित्र एकदम ताजेतवाने, मी लंगडा. तेव्हा दोन्हीतलं एकच द्यायचं. तारीख द्या, गाव देऊ नका. शुक्रवारी निघा म्हणायचं, कुठे उतरायचं ते बुधवारी रात्री फोनवर सांगतो. तुमच्या भागात हे जमतं कारण तो सगळा पट्टा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हायवेवर आहे, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा ओळीने त्याच रस्त्यावर, एसटी आहे, फोनला रेंज आहे. अमळनेरहून भुसावळ-सुरत लाईनीवर नंदुरबारला उतरायचं, तिथून एसटीने प्रकाशा म्हणा की तळोदा म्हणा, तुम्ही असाल तिथे. परत येताना पण अक्कलकुव्याहून तळोदामार्गे नंदुरबार.

कठपोरवाल्याला नाही म्हणा. बोट भरती बघून सुटते, गर्दी असली तर बसून राहावं लागतं, त्याची रजा किनाऱ्यावरच संपायची.

भरीत_आणि_भाकर
वरच्यांशी सहमत पण एक राहिलं, चाल. तुम्ही तोवर दहा-बारा दिवस चाललेले असणार, पाय बसलेले असतात. ते खुर्चीतून उठून येणार. पहिल्या दिवशी अर्धाच टप्पा ठेवा, सकाळच्या गाडीने येऊ द्या, दुपारून दहा-बारा किलोमीटर बस झाले. आमच्या एका दोस्ताने खास नवीन बूट घेतले होते, तळोद्याच्या अलीकडेच दोन्ही टाचांना फोड, मग संध्याकाळी एका म्हातारबाबाने सुई-दोरा मागवला, फोडातून दोरा ओवून तसाच ठेवला, पाणी आपोआप गळून गेलं, पठ्ठ्या सकाळी चालला पण चपलेवर. आणि सॅकमध्ये घरून ठेच्याची बरणी आणली होती, ती फुटून सगळ्या कपड्यांना तेल, अंथरुणाला पण लसणाचा वास. वजन किती आणताय ते आधीच विचारून घ्या खरंच.

अजून एक, त्या दिवसांत उसाचा सीझन असतो. पहाटे अंधारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या चालू असतात, गप्पा मारत चौघं आडवे पसरून चालायचं नाही, एकामागे एक.

सातपुड्याची_लेक
आमचे हे परिक्रमेत होते तेव्हा मी आणि माझी जाऊ तळोद्यापासून दोन दिवस चाललो. दादा, आश्रमाचं विचारलंत म्हणून सांगते. परिक्रमावासीला लोक जीव लावून वाढतात पण चार माणसं जास्तीची जातात तेव्हा तिथल्या बाईला पुन्हा पीठ मळावं लागतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. आम्ही दुपारीच फोन करून सांगायचो की पाच जण आहोत, सोबत डाळ-तांदूळ, तेल घेऊन जायचो आणि मी स्वतः भाकरी थापायला बसायचे. जागा नसेल तर त्यांनी मुकाट लॉज बघावा, आसन लावायचा, म्हणजे रात्रीचं अंथरूण टाकायचा, पहिला मान पूर्ण परिक्रमा करणाऱ्याचा. बायका येणार असतील तर अंघोळीची आणि निजायची सोय आधी विचारा, सगळीकडे सारखी नसते.

आणि दिवसभर चिकटून चालायची गरज नाही हो. आमचे हे पहाटे जप करत एकटे पुढे निघायचे, आम्ही उजाडल्यावर, चहाला भेट, मग थेट मुक्कामाला. नाहीतर तुमची परिक्रमा राहील बाजूला आणि ऑफिसच्या गप्पा होतील.

पायी_अमळनेर
हे तर डोक्यातच नव्हतं. एक शंका, शाळेतला मित्र इंदूरला असतो, तो गाडीने नर्मदा ओलांडून येणार, मग माझ्यासोबत चाललेलं चालतं का?

तापीकाठचा
ओलांडायची नाही ती तुम्ही, नियम उचललेल्याला. तो काही परिक्रमेत नाही, पुलावरून येऊ दे खुशाल. फक्त त्याच्या गाडीत बसून 'जरा पलीकडे जेवून येऊ' याला भुलू नका, दोन घास शेवभाजीपायी परिक्रमा खंडित व्हायची.

आणि दत्त जयंतीच्या आसपास तारीख येत असेल तर सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा असते, दोंडाईचा-शहादा रोडला गर्दी असते. तेव्हा त्यांना नंदुरबारकडूनच बोलवा.

पायी_अमळनेर
ठरलं मग. शुक्रवार देतो, गाव बुधवारी रात्री. डाळ-तांदूळ त्यांच्याकडे, ठेचा प्लास्टिकच्या डब्यात, आणि कठपोरवाल्याला आजच फोन करतो, तो रुसणार आहे.