फी भरून पळायचं कशाला? बेळगावात रस्ते कमी पडले काय?
(पळणाऱ्यांची चर्चा. प्रत्येकाच्या मजकुरावर त्याचं टोपणनाव आहे.)

सावगाव रोड
माझं म्हणणं सरळ आहे. हौसेनं लांब पळणाऱ्यानं पैसे भरून शर्यतीला जायची काही गरज नाही, बेळगावच्या माणसाला तर नाहीच नाही. हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21 किलोमीटरच्या शर्यतीची फी हजार-दोन हजार. साताऱ्याला जायचं म्हणजे आदल्या दिवशीच बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला हजर व्हायचं, लॉजचं भाडं भरायचं आणि झोप न लागता कूस बदलत पडायचं. मुंबईचं तर नावच नको. एवढं करून मिळतं काय? एक पदक, एक टीशर्ट, केळं आणि तोंड वेडंवाकडं झालेला आपला फोटो. तोही विकत घ्यायचा!

इथं काय कमी आहे? गाव अडीच हजार फुटांच्या आसपास. मार्च-एप्रिल सोडला तर पहाटे घाम फुटायलाही वेळ लागतो. कँपातले झाडांखालचे रस्ते आहेत. चढ पाहिजे तर येळ्ळूरला राजहंसगड आहे. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव करत बाचीच्या पुढं गेलात की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्रात जाऊन न्याहारीला परत कर्नाटकात. फी शून्य.

आणि हे वेड मुंबई-पुण्याकडून आलंय असं कुणाला वाटत असेल तर ऐका. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकात मॅरेथॉन पळाले आणि 19 वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. त्या वर्षी अंतरही आताचं 42.195 नव्हतं, 42.75 किलोमीटर होतं. ना पळताना चोखायची साखरेची जेल, ना जीपीएस, ना फिनिशर टीशर्ट.

तिसरं गेट
चौगुल्यांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय की ओ. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत पळणारी माणसं दोराबजी टाटांच्या नजरेला पडली, तिथून ऑलिंपिकला संघ पाठवायची गोष्ट निघाली. त्यांनी पदरचे पैसेही घातले. शर्यतच नसती तर कसलं अँटवर्प? गावच्या वाटेवर कोण किती वेगानं पळतोय ते गावाबाहेर कुणाला कळणार होतं?

दुसरी गोष्ट अंतराची. तुमचे 21 म्हणजे तुमच्या घड्याळाचे 21. झाडाखाली गेलं की जीपीएस भरकटतं, आणि कँपात तर सगळी झाडंच. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात. वळणाच्या कडेपासून 30 सेंटिमीटर धरून, सगळ्यात जवळची रेघ पकडून. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा घालतात, म्हणजे फुल मॅरेथॉनला 42 मीटर. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. आणि आपण घड्याळात 21.3 बघून आयोजकांना शिव्या घालतो! वळणं रुंद घेतली कुणी? आपणच.

आपली वेळ खरी किती, हे वर्षातून एकदा तरी कळायला नको? त्या कळण्याची फी देतोय मी.

सावगाव रोड
कळून करायचं काय? मला काय ऑलिंपिकला जायचंय? शरीर सांगतं की. गेल्या पावसाळ्यात जो चढ चालत चढायचो तो यंदा बोलत बोलत पळत चढतो. एवढं माप बास आहे मला.

लाल चिखल
फीचा एक फायदा कुणी लिहिलाच नाही. रविवारी पहाटे नुसतं पळायला निघालो की घरचे म्हणतात, आलास की दळण आण, गॅसचं बघ, मामाकडं जाऊन ये. "शर्यत आहे, पैसे भरलेत" म्हटलं की सगळे गप्प. वर रात्री लवकर जेवायला वाढतात.

शहापूरची
वरच्या सगळ्या चर्चेत रस्ता फुकट आहे असं धरून चाललंय. कुणाला फुकट?

पाच-सव्वापाचला अंधार असतो. एकटीनं सावगाव रोडला निघायचं तर आधी घरात सांगायचं, मोबाईलवर लोकेशन चालू ठेवायचं, कुत्र्यांसाठी हातात काठी घ्यायची. मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की तेवढ्यापुरता पेस-बिस, म्हणजे वेग, सगळं विसरायचं. कान मागं ठेवूनच पळायचं. कधी कुणी काही करतं असं नाही, पण "एवढ्या सकाळी कुठं ओ वहिनी" हे हसत विचारणारं कुणीतरी भेटतंच. वाटेत लघवीला जायची सोय नाही, म्हणून निघताना पाणी बेतानं प्यायचं, आणि मग पुढं तेच बाधतं. पुरुष मंडळी कुठल्याही बांधाला उभी राहतात, त्यांना हा प्रश्न पडतच नाही. म्हणून मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात गोल गोल फिरते. लांबचं अंतर तिथं फिरून बघा एकदा. डोकं आधी दमतं, पाय नंतर.

साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरच्या घाटात रस्ता बंद असतो. पुढं बायका, मागं बायका. माझ्या आईच्या वयाच्याही. कडेला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवतात. आणि चढावर कुणी वळून बघत नाही, ज्याला त्याला आपल्या दमाची पडलेली. त्या दोन-अडीच तासांत मला रस्त्याशिवाय दुसरा विचार करावा लागत नाही. हजार-दोन हजार मी त्याचे देते. पदक असतं कुठंतरी कपाटात.

सावगाव रोड
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे. पण त्याला उपाय फी नव्हे. आमचा ग्रुप रविवारी निघतो, त्यात या. सात-आठ जण असतो, कुत्रीही लांब राहतात.

शहापूरची
येईन की. पण सोबत असेल तरच पळायचं ही अट तुम्हाला आहे का? तुम्ही मनात आलं की बूट घालून बाहेर पडता. मी आठवडाभर आधी कुणाला तरी विचारायचं. मग तुमची शून्य फी आणि माझी शून्य फी एकच कशी?

भरतीवाला
तुम्ही सगळे चांगल्या बुटातली माणसं काय बोलूलालाय ते वाचूलालोय. आम्ही खानापूर तालुक्यातली पोरं रोज पहाटे पळूलालोय ते सोळाशे मीटरसाठी. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर सैन्यभरतीत पळण्याचे पूर्ण गुण. हौस-बिस काय नाही. पण एक सांगतो, शर्यती बंद झाल्या तर आमचंच नुकसान. गावात शिवजयंतीला, जत्रेला शर्यत ठेवतात, रोख बक्षीस असतं. मोठ्या मॅरेथॉनला तर आणखीन. पहिल्या तिघांत आलं की बूट निघतात त्यातून. ते पैसे येतात कुठनं? तुमच्यासारख्या मागनं येणाऱ्यांच्या फीतनं. तेव्हा सावगावकर दादा, तुम्ही फी भरा आणि आरामात पळा. आम्ही पुढं जातो.

तिसरं गेट
हा हा. हे खरं.

सावगाव रोड
आता कसं खरं बोललात! म्हणजे सावकाश पळणाऱ्यांच्या पैशावर सगळा बाजार चाललाय, हेच मी म्हणतोय. गावच्या शर्यतीबद्दल माझी तक्रारच नाही. पन्नास-शंभर रुपयांत नाव घालतात, चुन्यानं रेघ मारतात, शिट्टी वाजली की पळायचं. माझा राग आहे तो एक्स्पो, झुंबा, स्टेज आणि डीजेवर. पहाटे साडेपाचला डीजे कशाला हवा माणसाला?

डबल ट्रॉली
मी पळत नाही, ट्रॅक्टर चालवतो. ऊस लागला की रात्रंदिवस फेऱ्या असतात. दोन ट्रॉल्या भरून निघालो की ब्रेक लावला म्हणून गाडी जागेवर उभी राहत नाही, मागचं वजन ढकलतं. आणि तुम्ही कानात बोंडं घालून, काळे कपडे घालून, रस्त्याच्या डाव्या बाजूनं आमच्याकडं पाठ करून पळता. हॉर्न दिला तर ऐकू जात नाही. "रस्ते आहेत की पळायला" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं पळा, अंगावर काहीतरी चमकणारं घाला. आमचा टेप मोठा असतो हे कबूल.

लाल चिखल
उजव्या बाजूचं शंभर टक्के बरोबर. पावसाळ्यात तर साईडपट्टीवर उतरायची सोय नसते, पाय घोट्यापर्यंत आत जातो. माझे पांढरे मोजे कायमचे तांबडे झालेत, साबणाला दाद देत नाहीत.

आंबील
विषय थोडा बाजूला नेतो. फी वाचवणारे आणि फी भरणारे दोघंही जेलच्या पुड्यांवर पैसे घालतात, त्याचं काय? दीड तासाच्या आतल्या पळण्याला बहुतेकांना काहीच लागत नाही. त्यापुढं साखर आणि मीठ पाहिजे, मग ते चकचकीत पुडीतनं येवो नाहीतर घरच्या लिंबू सरबतातनं. मी आदल्या रात्री भात खातो, सकाळी केळं, परत आल्यावर नाचण्याची आंबील मीठ-ताक घालून. मात्र तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी ढोसू नका. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा करायला लागतो, जिवावरही बेततं. पाण्याचे स्टॉल असलेल्या शर्यतीत हा धोका जास्त. फुकट आहे म्हणून प्रत्येक टेबलापाशी पितात.

सावगाव रोड
फुकट कसलं, फीमध्येच धरलेलं असतं ते!

तिसरं गेट
तुम्ही काय सोडत नाही बघा. बरं, एक विचारतो. मापाचं राहू दे. वर्षभर एकट्यानं पळून तुमचा वेग वाढला की कमी झाला? माझा वाढतो तो शर्यतीत. पुढचा माणूस दिसला की पाय आपोआप उचलतात. मुंबईत पेडर रोडच्या चढावर मी दर वेळी ठरवतो की आता चालायचं, आणि शेजारून एखादे सत्तरीचे आजोबा शांतपणे पुढं जातात. चालायची लाज वाटते मग. हे सावगाव रोडवर कोण करणार? म्हशी?

सावगाव रोड
म्हशी बऱ्या, पुढं जात नाहीत. वेगाचं विचारलंत तर वाढलेला नाही, वाढवायचाही नाही. माझं वेड वेगाचं नव्हेच. येळ्ळूरच्या शिवारात बासमती फुलावर आला की पहाटे जो वास सुटतो, त्यासाठी मी तिकडची वाट धरतो. तिथं शर्यत ठेवलीत तर त्या दिवशी मी दुसरीकडं पळेन.

ट्रॅक्टरवाल्या मामांचं मात्र मान्य. रविवारी आमचा सगळा ग्रुप उजव्या बाजूनं आणि अंगात चमकणारे पट्टे.

शहापूरची
रविवारी किती वाजता, कुठून? आणि वाटेत कुणाच्या ओळखीचं घर आहे का, जिथं बायकांना दोन मिनिटं थांबता येईल? ते आधी कळवा, मग ठरवते.

भरतीवाला
मी बी येतो. पण हळू पळायला जमत नाही मला, आधीच सांगतो.