मदत हवी आहे: घरच्या छोट्या मॉडेल रेल्वे यार्डासाठी शंटिंग इंजिन कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. मोजमापं दिल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

बाबा नागपूरच्या अजनी यार्डात पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलून देणारे) होते. आता वय 76, गुडघे साथ देत नाहीत, घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या मुलीनं गॅलरीतल्या 8 फुटी फळीवर एचओ स्केलचं (1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी) यार्ड मांडलं. आराखडा इंगलनूकचा, म्हणजे शंटिंगचं एक कोडंच. तीन लाइनी, एकीत 5 वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. वाघिणी एकूण 8. चिठ्ठ्या काढून 5 वाघिणींचा क्रम ठरवायचा आणि शंटिंग करून (वाघिणी पुढे-मागे नेऊन, जोडून-सोडून) बरोबर तसा रेक लावायचा. असे 6720 वेगवेगळे क्रम निघतात, म्हणजे रोज खेळलं तरी कंटाळा यायचा नाही.

अडचण इंजिनाची आहे. सेटसोबत आलेलं चार चाकांचं छोटं इंजिन वापरतोय. कंट्रोलरचं बटण थोडं फिरवलं तर हलत नाही, अजून फिरवलं की एकदम उडी मारतं. पॉइंटवर (एका रुळाचे दोन फाटे फुटतात तिथं) तर हमखास थांबतं, मग बोटानं ढकला. पहिल्या दिवशी बाबा खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, "काहून पळवून राहिला एवढी? शंटिंग हाये ना हे, मेल नाही." दोन-तीनदा बोटानं ढकलताना पाहिलं आणि उठून आत गेले. तेव्हापासून गॅलरीत येतात ते कूलरमध्ये पाणी भरायला. मला हे फार लागलंय.

त्यांच्याकडून नियम विचारून घेतला. शंटिंगची कमाल मर्यादा ताशी 15 किमी, आणि स्फोटकं किंवा पेट्रोलच्या वाघिणी असतील तर 8 किमी. 87 नं भागलं तर 15 किमीला एक मीटर जायला साधारण 21 सेकंद लागायला हवेत आणि 8 किमीला 39. आमचं इंजिन तेवढं अंतर 4 सेकंदांत कापतं. त्याहून हळू चालवलं की बंद पडतं.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिला जर्मन व्ही 60. तीन धुरा, चाकं बाहेरून रॉडनं जोडलेली. चित्तरंजनच्या डब्ल्यूडीएस-4 चीही ठेवण अशीच आणि दोन्ही डिझेल-हायड्रॉलिक, म्हणून बाबांचं मन याच्यावर आहे. मॉडेलची लांबी 12 सेमी. दुसरा अमेरिकन एसडब्ल्यू 7, दोन बोगींचा (बोगी म्हणजे इंजिनाखालची चार चाकांची चौकट), आठ चाकं, 15.6 सेमी. तिसरा ब्रिटिश क्लास 08, पण तो 1:76 मध्ये मिळतो, आमच्या वाघिणींशेजारी मोठा दिसेल.

आता खरी मेख. माझी शंटिंग नेक (इंजिन वाघिणी ओढून घेतं तो पुढचा रूळ) 50 सेमीच आहे. एक बॉक्सएन (उघडी मालवाहू) वाघीण 12.3 सेमी, तीन झाल्या 37. व्ही 60 जोडला तर 49, जेमतेम बसतो. एसडब्ल्यू 7 जोडला तर साडेबावन्न, म्हणजे तिसरी वाघीण पॉइंटवरच अडकणार. पण आठ चाकांचं इंजिन पॉइंटवर कमी थांबतं असं वाचलंय. लांबी पाहू की चाकं? बजेट कस्टम्स धरून 25 हजार.

प्रतिसाद, पुणे

दादा, इंजिन बदलण्याआधी पॉइंट बदला. तुमचे पॉइंट इन्सुलफ्रॉग असणार, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो व्ही आकाराचा तुकडा प्लॅस्टिकचा. चार चाकांच्या इंजिनाचं एक चाक त्यावर आलं आणि दुसऱ्या चाकावर धूळ असली की संपलं. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तोच तुकडा धातूचा असतो आणि त्यातूनही वीज जाते. इंगलनूकमध्ये पॉइंट असतात फक्त दोन. एवढा खर्च नक्की परवडेल.

मग व्ही 60 खुशाल घ्या. घेताना इंजिन उलटं करून बघा: किती चाकांवर रबरी टायर आहे? रबर असलेलं चाक ओढतं चांगलं, पण वीज घेत नाही. सहापैकी दोन चाकं अशी गेली तर उरतात चारच. आठ वाघिणींना एवढ्या ओढीची गरज नाही. रबर नसलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, आणि आत फ्लायव्हील (मोटरचा वेग एकसारखा ठेवणारं जड चाक) आहे का तेही विचारा.

प्रतिसाद, डोंबिवली

माझं मत उलटं आहे. शंटिंग नेक काही देवाची रेघ नाही, 10 सेमीची पट्टी बिजागरीवर लावा, खेळून झालं की खाली पाडा. एसडब्ल्यू 7 च्या आठही चाकांतून वीज येत असेल तर तसं सुख नाही. हुड (पुढचं झाकण) लांब असल्यामुळे डीसीसी डिकोडरसोबत (डिजिटल आदेशानं इंजिन चालवणारी चिप) वीज साठवणारा कॅपॅसिटरही मावतो, मग क्षणभर वीज तुटली तरी इंजिन थांबत नाही. डिकोडर मोटरचा बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः उलट निर्माण करते ती वीज) मोजून वेग सावरतो, ती उडी त्यानंच जाईल.

आणखी एक, कपलिंग, म्हणजे इंजिन आणि वाघिणी जोडणारा आकडा. अमेरिकन इंजिनाला नकल कपलर असतो, जर्मनला वेगळा. आठही वाघिणींचे कपलर बदलावे लागले तर खर्च तिथंच वाढेल, आधी ते बघा.

प्रतिसाद, नागपूर

दादा, मी धरमपेठेत राहतो. माझ्याकडे व्ही 60 आहे, साध्या डीसीवर (डिकोडरशिवाय) चालतो. रविवारी काकांना घेऊन या ना. घर तळमजल्यावर आहे, जिना चढायचा नाही. घड्याळ लावून बघू. आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसत जा. कूलरची ओल आणि धूळ एकत्र आली की रुळांवर काळा थर बसतो, उन्हाळ्यात मला तर दर आठवड्याला पुसावं लागतं.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल धरमपेठेत जाऊन आलो. एक मीटरला 36 सेकंद लागले, तेही न थांबता! बाबांनी आपणहून हात वर करून सिग्नल द्यायला सुरुवात केली, वाघीण चार बोटं उरली की हात खाली. कपलिंग लागताना वाघीण जराशी मागे सरकली तर म्हणाले, "अजून हळू. शेवटच्या हातभर अंतरात इंजिन चालतंय हे कळता कामा नये." दीड तास बसले, चहा गार झाला त्यांचा.

व्ही 60 ठरला. डोंबिवलीच्या दादांची बिजागरीची पट्टीही लावतो, 1 सेमीच्या सवलतीवर बाबांचा हात अवघडेल. कपलर जुळतात, ते तपासलं.

आता एकच शंका. इलेक्ट्रोफ्रॉग पॉइंट आणतोय, तर फ्रॉगची (त्या व्ही तुकड्याची) वीज पॉइंटच्या सरकत्या रुळाच्या नुसत्या स्पर्शावर सोडावी की खाली मायक्रोस्विच (छोटा स्विच) लावावा? पॉइंट बाबा हातानं लिव्हर ओढून बदलणार आहेत, मोटर नको म्हणालेत.