हिरादखण : डिंक की राळ? (आणि मग होन्न्याचं काय?)

मलप्रभाकाठ :
झाडांतनं मिळणाऱ्या लाल रंगांवरचं एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करालोय, खानापूर भागातल्या शाळांसाठी. हिरादखणाला (इंग्रजीतलं dragon's blood, झाडातनं येणारा लाल पदार्थ) मी 'राळ' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'डिंक' केलं, आपल्याकडं झाडातनं गळतं ते सगळं डिंकच म्हणे. पण त्याच पानावर पुढं होन्न्याच्या (बिबळ्याच्या) झाडाचा लाल डिंक आलाय. दोन्हीला एकच शब्द घातला तर त्यापुढचं रसायनशास्त्र लागतच नाही. काय लिहावं?

गोकाकची लेक :
बाईंचं बरोबर आहे की. आमच्यात अंटु म्हणजे डिंक, आणि करदंट म्हणजे करिद अंटु, तळलेला डिंक. बाळंतिणीला अंटिन उंडी (डिंकाचे लाडू) करतात तोही तोच. सामानाच्या यादीत राळ कुणी लिहिलेलं मी बघितलेलं नाही.

प्रयोगवही :
ताई, करदंटावरनंच सांगतो. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक तुपात टाकला की फुलतो, कारण तो साखरेच्या लांब साखळ्यांचा असतो आणि पाणी धरून ठेवतो. हिरादखण तुपात टाकलं तर फुलणार नाही, वितळेल. पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र लगेच लालभडक उतरतं, म्हणून तर व्हायोलिनच्या वॉर्निशात घालायचे. ती राळच. एक हिरादखण येतं सुमात्रा-बोर्निओकडच्या वेतासारख्या वेलीच्या फळांवरनं, दुसरं सोकोत्रा बेटावरच्या ड्रॅसीना झाडाच्या जखमेतनं, झाडं एकमेकांची कुणी नव्हेत. आणि यात लाल रंग वरनं मिसळलेला नसतो, राळेचाच भाग असतो. लाखेचं तसं नाही, तिथं किड्याचा लाल रंग पाण्यानं धुऊन निघतो, त्याचाच अळता होतो, आणि मागं राहते ती चपड्याची लाख. माहितीपत्रकात हा फरक आलाच पाहिजे, मुलांना करून बघता येतो.

शुद्धलेखनी :
राळ म्हटलं की शालवृक्षाची राळ, धुपाची. तिला सगळ्यांवर लादू नका. संस्कृतात 'निर्यास' हा नेमका शब्द आहे, त्यात डिंक, राळ, चीक सगळं येतं. तोच लिहा.

जांबोटीचा जुना :
निर्यास शाळेतल्या पोरांना कोण समजावून सांगणार? आमच्या गावात नाटकात राक्षस आला की मशालीवर राळ मारायचे, भडका उडायचा, शेवटच्या रांगेतल्या पोरालाबी राळ म्हणजे काय ते ठाऊक. डिंकाचा भडका उडत नाही, नुसता करपतो. शब्द आपल्याकडं आहे, वापरा की. होन्न्याचं सांगतो. कन्नडमध्ये होन्ने, कोकणात उतरलं की असाणा, वर देशावर बिबळा, झाड एकच. सालीला कोयता लागला की रक्तासारखं वाहतं, वाळलं की काळपट लाल खडे, आणि तोंडात धरलं तर जीभ आखडते. लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवलं तर पिवळसर होतं आणि उजेडात निळी झाक मारतं. म्हणूनच होन्ने, होन्नु म्हणजे सोनं, आपल्या शिवरायांचा होनबी त्यातनंच.

शुद्धलेखनी :
नाण्याचा होन 'होन्नु'वरून हे मान्य. झाडाचं नाव पाण्याच्या रंगावरून पडलं हे तुम्ही जोडताय. फुलंही सोनेरी पिवळी असतात त्याची.

प्रयोगवही :
जीभ आखडते ती टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळं, हिरड्यानं आखडते तशीच. म्हणजे होन्न्याचं जे वाहतं ते साखरेच्या साखळ्यांचं नाही आणि राळही नाही, वाळलेला तुरट रस आहे तो. उकळत्या पाण्यात बराचसा विरघळतो. पळसाचा कमरकसही त्याच जातीचा.

गोकाकची लेक :
मग कमरकसाला डिंक का म्हणतात सगळे? बाजारात हजार वर्षं चुकले काय?

खडेबाजार :
हिरादखण म्हणजे हिरा अधिक दखण, दक्षिणेकडनं समुद्रातनं येणारा माल. आमच्या आजोबांच्या दुकानात बरणीवर हेच नाव होतं. हकीमलोक 'दम-उल-अखवैन' मागायचे, दोन भावांचं रक्त. कुणी 'खूनखराबा' म्हणूनही मागायचं.

शुद्धलेखनी :
हिंदीत हीरादोखी म्हणतात, तिथं दखण कुठंय? तुमची फोड तिथं बसत नाही.

मलप्रभाकाठ :
लोकहो, राळ की डिंक? आणखी एक, मूळ मजकुरात लिहिलंय की हिरादखणाचा लाल रंग अँथोसायनिनच्या (फळाफुलांतल्या लाल-जांभळ्या रंगांच्या) घराण्यातला. मग आम्ल घातलं की जास्त लाल व्हायला पाहिजे ना, जांभळाच्या रसासारखं?

प्रयोगवही :
उलटं होतं, आणि मला तरी सगळ्यात भारी तेच वाटतं. 2007 साली ड्रॅसीनाच्या राळेत जो मुख्य रंगद्रव्य सापडला तो कडक आम्लात पिवळा असतो, आम्लता कमी झाली की रेणू एक प्रोटॉन सोडतो आणि मग लाल होतो. नेहमीच्या अँथोसायनिनमध्ये रेणूच्या तिसऱ्या जागी ऑक्सिजन असतो, यात तो नाही, म्हणून तो जास्त टिकतो. ह्याच पोटजातीचे रंग आपल्या जोंधळ्यात आहेत. पानावर बुरशी आली की लाल-जांभळा चट्टा उठतो तो झाडानं स्वतः केलेला बचाव. ड्रॅसीनाची राळसुद्धा जखम झाल्यावरच येते.

जांबोटीचा जुना :
तो तांबेरा हो. बुरशीचाच रंग.

प्रयोगवही :
काका, तांबेऱ्याची पूड बोटाला लागते. हा चट्टा घासला तरी जात नाही, पानाच्या आतला असतो.

गोकाकची लेक :
आमच्या शाळूवर दोन्ही येतं. कणसाखालच्या पानावर लाल येतं ते पूड नसतं हे खरं, बोटानं घासून बघितलंय. पण त्याला आमच्यात तांबेराच म्हणतात.