‘रक्तशुद्धी’ म्हणायचं, ‘डायलिसिस’ की आणखी काही?

प्रश्न : मावशीला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायू लवकर थकण्याचा आजार आहे. दुपारनंतर पापण्या खाली येतात, रात्री घास गिळता येत नाही. गेल्या महिन्यात तिचं पाच वेळा प्लाझ्माफेरेसिस झालं, म्हणजे यंत्राने रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा) बदलला. घरात काका त्याला ‘डायलिसिस’ म्हणतात, मामी ‘रक्त बदललं’ म्हणते आणि भेटायला येणारे ‘रक्तशुद्धी’. परवा मावशीने हळूच विचारलं, “माझं रक्त घाण झालं होतं का गं?” मला उत्तर देता आलं नाही. योग्य मराठी शब्द कोणता?

उत्तर : मी रक्तपेढीत काम करते. मावशींना आधी हे सांगा, की रक्त घाण नव्हतं. ‘रक्तशुद्धी’ हा शब्द मंजिष्ठा, अनंतमूळ यांच्या काढ्यांबरोबर आपल्याकडे रुळलाय. तो कानावर पडला की खाण्यापिण्यात आपलंच काही चुकलं, असं वाटायला लागतं. मायस्थेनियात शरीर स्वतःच स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवतं. बहुतेक रुग्णांत ती, मज्जातंतूचा निरोप स्नायू जिथे घेतो, नेमकी तिथे जाऊन चिकटतात. दोष कुणाचाच नाही. शिवाय शुद्धी म्हटलं की काम संपलं असं वाटतं. इथे प्रतिपिंडं पुन्हा तयार होत राहतात, गुण काही आठवडे टिकतो, म्हणून गोळ्या चालू ठेवाव्याच लागतात.

‘डायलिसिस’ही नको. त्याची चाळणी युरियासारख्या बारीक रेणूंसाठी असते. प्रतिपिंडाचा रेणू युरियाच्या अडीच हजार पट जड, तो तिच्यातून जात नाही. म्हणून सगळा प्लाझ्माच काढून टाकतात. ६० किलोच्या माणसाचा एका वेळी साधारण अडीच लिटर. यंत्र रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करतं, किंवा मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून प्लाझ्मा काढतं. पेशी परत अंगात जातात आणि प्लाझ्माच्या जागी अल्ब्युमिन या प्रथिनाचं द्रावण देतात. ऊतींतली प्रतिपिंडं पुन्हा रक्तात उतरतात, म्हणून एकदा करून भागत नाही, बहुधा दिवसाआड करतात.

‘रक्त गाळणं’ म्हणावं, तर चहा गाळताना खाली येतं ते आपण पितो आणि चोथा टाकतो. इथे बरोबर उलटं. मला भात वेळण्याचं उदाहरण जवळचं वाटतं. पेज काढून टाकायची, शितं ठेवायची. फक्त इथे पेजेच्या जागी लगेच दुसरं पाणी घालावं लागतं. मामींचा ‘रक्त बदलणं’ हा शब्द तान्ह्या बाळाची कावीळ फार वाढली की जे करतात त्यासाठी राहू द्या, तिथे खरंच रक्त बदलतात. आम्ही पलंगाशी उभं राहून “प्लाझ्मा बदलायचाय” एवढंच म्हणतो, ते सगळ्यांना कळतं.

आणखी एक उत्तर : प्लाझ्माला पाठ्यपुस्तकी शब्द ‘रक्तद्रव’. ‘रक्तद्रव्य’ लिहू नये. द्रव म्हणजे पातळ पदार्थ, द्रव्य म्हणजे कुठलाही पदार्थ. लेखात ‘रक्तद्रव-विनिमय’ चालेल, आजारी माणसाशी बोलताना मात्र नाही. प्लाझ्माफेरेसिस हे नाव १९१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉन जेकब एबल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. ग्रीक ‘अफेरेसिस’ म्हणजे काढून घेणं. प्लाझ्मा + अफेरेसिस, अगदी आपल्या सवर्णदीर्घ संधीसारखं. गंमत म्हणजे शब्दाचा पहिला स्वर गळतो त्यालाही भाषाशास्त्रात अफेरेसिसच म्हणतात. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, ते याच प्रकारात. डेंग्यूत एकाच दात्याकडून प्लेटलेट काढतात, तेही अफेरेसिस. काढायचं काय ते बदलतं. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले होते, त्यातही इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं) देणं किंवा प्लाझ्मा बदलणं हेच मुख्य उपचार. तेव्हा हा शब्द सोपा असायलाच हवा.

प्रश्न विचारणारी : भात वेळण्याचं मावशीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ती पिवळी पिशवी भरत होती, ती पेज.” ओठांभोवती मुंग्या येत होत्या, तेव्हा तिला वाटलं होतं रक्त संपत चाललंय. ते कशाने?

उत्तर : रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते कॅल्शियम धरून ठेवतं. पुढच्या खेपेला मुंग्या आल्या की लगेच सांगायला सांगा, कॅल्शियम देतात.